ओट्यावरचे पाळकसाहेब

निरोपाच्या कार्यक्रमात आमचे हे एक वाक्य जास्तीचं बोलले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमच्या ख्रिस्ती लोकांत चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला पाळक. भोकरदनच्या मंडळीचे हे तीसेक वर्षं पाळक होते. अप्पाराव हे नाव कुणाला आठवतही नसेल. सगळे पाळकसाहेबच म्हणायचे, आणि चारचौघांत मीसुद्धा साहेबच म्हणायचे. वय झालं, निवृत्त झाले, तेव्हा मंडळीनं कार्यक्रम झोकात केला. शाल झाली, हार झाले, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग बायका रडायला लागल्या. निम्म्याजणींची लग्नं ह्यांनी लावलेली, त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे ह्यांनी केलेले. ह्यांना ते रडणं बघवेना. माईक हातात घेऊन म्हणाले, "रडू नका. मी कुठं चाललो? मी हाये की इथंच."

टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. आमच्यात रीत अशी की निवृत्त पाळकानं ती मंडळी सोडून दुसरीकडं जावं आणि नव्या माणसाला रान मोकळं करून द्यावं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे दुसऱ्या निवृत्त पाळकांना ह्यांनीच कितीदा ऐकवलेलं. आणि स्वतःचं घर बांधलं ते कुठं? चर्चच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता. मी तेव्हा विचारलं होतं तर म्हणाले, शेजार चांगला आहे. शेजार चर्चचाच होता, चांगला नसून जातो कुठं.

नवीन पाळक आला सुमित. तीर्थपुरीकडचा, तिशीतला, अंगानं बारीक आणि आवाजानं त्याहून बारीक. पण उपदेश असा करायचा की माणूस घरी जाऊन विचार करत बसेल. त्याची बायको प्रीती एका खाजगी शाळेत शिकवायची. आम्ही सोडलेल्या पाळकबंगल्यात ती दोघं राहायला आली. तिनं स्वयंपाकघराचा रंग बदलला, तर मंडळीतल्या दोघीतिघी मला सांगायला आल्या. मी म्हटलं, बरं झालं, तो रंग मलाही आवडत नव्हता. खरं तर आवडत होता.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. उपासना संपली की पाळकानं आशीर्वाद द्यायचा, मधल्या वाटेनं चालत जाऊन दारात उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाशी हात मिळवून सलाम करायचा. सलाम म्हणजे आमचा रामराम. कुणाच्या घरात आजारी आहे, कुणाची पोरगी नांदायला गेली नाही, हे सगळं त्या दारात कळतं. सुमितनं आशीर्वाद दिला आणि निघाला. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आमचे हे उठले आणि तरातरा चालत दारात जाऊन उभे राहिले. मुद्दाम नव्हे. इतक्या वर्षांची पायांची सवय, पाय घेऊन गेले. लोक ह्यांच्याशी हात मिळवून पायऱ्या उतरले. ह्यांच्या पलीकडं सुमित हात जरा पुढं करून उभा होता. त्याचा हात रिकामाच राहिला, मग त्यानं तो उपासनेच्या झग्याच्या बाहीत घेतला. हे सगळं मी बाकावरून पाहिलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी बोलले. हे ओशाळले. म्हणाले, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो. पुढच्या रविवारी लक्षात ठेवून ते बाजूच्या दारानं बाहेर पडले, तर लोकच वळसा घालून बाजूच्या दाराशी गेले. आता काय बोलणार?

मग ओटा सुरू झाला. आमच्या घरापुढं ओटा आहे, तिथं हे सकाळ-संध्याकाळ चर्चच्या फाटकाकडं तोंड करून बसायचे. घंटा झाली की उठायचे आणि आठवण आल्यासारखे परत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. पण ओट्यावर एकटा माणूस दिसला की दुसरा येतोच. पहिले आले सर्जेराव. मंडळीचा कारभार पाहणारं पंचमंडळ असतं, त्याचे ते सेक्रेटरी. शाळामास्तर होते, आता निवृत्त. ह्या माणसाला तक्रारीशिवाय चहा उतरत नाही. जवळच्या टेंभुर्णी गावात आमच्या मंडळीची काही घरं आहेत, तिथल्या प्रार्थनासभा सुमितनं लोकांवर सोपवल्या होत्या. दर आठवड्याला एकेका घरानं सभा चालवायची आणि बायकांनीही शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं. सर्जेरावांचं म्हणणं, मंग पाळक कशाला ठुला? शेळ्यांनीच शेळ्या राखायच्या का?

आमचे हे म्हणाले, "हूं."

ह्या 'हूं'बद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या ह्यांचा 'हूं' म्हणजे ऐकतो आहे, एवढाच. मी त्यांना कितीदा सांगितलं, गॅस संपला, तर म्हणायचे हूं, आणि गॅस संपलेलाच राहायचा. पण मंडळीला त्यांचा 'हूं' म्हणजे शिक्का वाटायचा. सर्जेराव तो 'हूं' खिशात घालून पंचमंडळाच्या सभेत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेबांचंबी हेच म्हणणं हाये." सुमित खाली बघत राहिला. टेंभुर्णीचं ठरलेलं मोडलं. हे मला प्रीतीकडून नंतर कळलं.

असं करत करत ओट्यावर निम्मी मंडळी भरायला लागली. लग्नाची तारीख ओट्यावर, भावाभावांचं भांडण ओट्यावर. पाळकबंगल्यात फक्त कार्यक्रमाच्या खुर्च्या मागायला जायचे. बायका माझ्याकडं यायच्या. मी त्यांना प्रीतीकडं पाठवायचे, आणि पाठवताना मला काही ते गोड लागत नव्हतं. घरात पाय ठरेना. घासलेली भांडी पुन्हा घासायची, दारात जायचं, ओट्यावर कोण आहे बघायचं, परत यायचं. हिवाळ्याचे दिवस, सगळीकडं कापूस वेचणं चाललेलं, बाजारपेठ भरलेली, आणि मी आपली भरल्या घरात हरवल्यासारखी. ह्यांना म्हणावं, चला, शीतलकडं पुण्याला राहू काही महिने, तर म्हणायचे, हूं.

शीतल आमची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. तिला पाच महिन्यांचा मुलगा, आर्यन. तिचा फोन आला की आर्यनचा बाप्तिस्मा भोकरदनलाच करायचा, पप्पांच्या हातून. ह्यांचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळला. तिथल्या तिथं नाताळाआधीचा रविवार ठरला. हे जाऊन कपाटातला झगा काढून आले आणि मला म्हणाले, जरा इस्त्री कर. हिनं ठरवलं, ह्यांनी ठरवलं, जावई कल्याणराव तर काय, बायको म्हणेल ते. ज्याला विचारायचं त्याला कुणी विचारलंच नाही. आणि खोटं कशाला सांगू, दोन दिवस मलाही ते सुचलं नाही. आजोबांनी नातवाचा बाप्तिस्मा करावा यात विचारायचं काय, असंच मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी प्रीती आली. शाळेतून येताना तशीच आली होती, खांद्याला पर्स. मी चहा टाकला. तिनं कप हातात धरला पण पिईना. मग म्हणाली, मावशी, एक सांगते, साहेबांना सांगू नका. सर्जेराव त्यांच्या घरी गेले होते. सुमितला म्हणाले, साहेबांच्या नातवाचा कार्यक्रम हाये, त्या रविवारी तुम्हाला सुट्टी. सुमित म्हणाला, बरं.

"सुट्टी?" मी विचारलं.

"सुट्टीच म्हणले." प्रीतीचा आवाज चिरकला. "तेच लागलंय त्यांना. त्या रविवारी आम्ही तीर्थपुरीला जातो, अन् सोमवारी ते संभाजीनगरला जाऊन मोठ्या साहेबांना भेटून येणारेत. म्हणतेत, दुसरी मंडळी द्या न्हाई तर नोकरी बघतो. ते म्हणतेत, इथं पाळक हायेत. माझी गरज न्हाई."

मोठे साहेब म्हणजे पाळकांच्या नेमणुका करणारे. ती गेली तरी मी चहाच्या कपाकडं बघत बसले होते. सुमित गेला तर पुढं काय, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. नवीन माणूस वर्षभर यायचा नाही. आला तरी ओट्याची गोष्ट ऐकून येणार आणि बिचकूनच राहणार. तोवर आमच्या ह्यांची अंथरुणाला पाठ लागली तर? मंडळीची पोरं आधीच पुण्या-मुंबईला, राहिलेली मोबाईलवरचे उपदेश ऐकून समाधान मानणार. ज्या मंडळीसाठी ह्या माणसानं जन्म घालवला, ती ह्याच्याच डोळ्यांपुढं, ह्याच्याच ओट्यावरून विस्कटणार होती. आणि ह्याला ते दिसत नव्हतं, कारण ओट्यावर गर्दी होती.

मी प्रीतीला शब्द दिला नव्हता. हे आत आले तेव्हा मी कणीक मळत होते. मी सगळं सांगून टाकलं. सुट्टीचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं.

"मी त्याला जा म्हणलो का?" हे म्हणाले.

"न्हाई म्हणले. तुम्ही कुणालाच काही म्हणत न्हाईत. तुम्ही नुसतं हूं म्हणता, अन् लोक त्याचं जे करायचं ते करतेत."

"सर्जेरावला मी सांगितलं न्हाई सुट्टी दे म्हणून."

"सांगितलं न्हाई, पण झगा इस्त्रीला दिला."

हे अगदी हळू म्हणाले, "माझा नातू हाये, द्वारका."

"नातू तुमचाच हाये. मंडळी तुमची न्हाई आता."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि माझ्याच काळजाला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं काही बोलले नव्हते. त्यांनी भिंतीला हात टेकला. म्हणाले, "मंग मी कोण?"

मी कणीक मळत राहिले, नको तितकी मळली. चिडचिड झाली होती, ती ह्यांच्यावर, सर्जेरावांवर, आणि स्वतःवरही, की नवऱ्यानं जन्मात एक प्रश्न विचारला आणि मला तेवढंही येईना.

हे जेवले नाहीत. दुपारी बाजारात गेले, काही न घेता आले. ओट्यावर सर्जेराव येऊन बसले, तर हे आतच बसून राहिले. मी बाहेर जाऊन सांगितलं, साहेबांना बरं नाही. सर्जेराव म्हणाले, कुणाला पाठवू का? मी म्हटलं, कुणालाही पाठवू नका, हेच औषध आहे. त्यांना ते कळलं नसावं.

संध्याकाळ व्हायच्या आत हे कपडे बदलून आले. म्हणाले, चल. रस्ता ओलांडला, चर्चच्या मागं वळलो, आणि पाळकबंगल्याच्या फाटकाशी हे थांबले. ह्याच घराच्या मागच्या दारानं ते तीस वर्षं आत-बाहेर करत होते. फाटकाशी थांबणं त्यांना माहीतच नव्हतं. कडी वाजवली. दोनदा घसा खाकरला. मग हाक मारली, "पाळकसाहेब, हायेत का घरी?"

सुमित बाहेर आला. आधी त्यानं आमच्या मागं पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग ह्यांच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. थट्टा चालली आहे असंच त्याला वाटलं असणार. म्हणाला, साहेब, या की आत, फाटक उघडंच हाये.

हे आत आले, पण खुर्चीच्या काठावर बसले. मी त्यांना असं बसलेलं फक्त दवाखान्यात पाहिलं होतं. म्हणाले, "नातवाचा बाप्तिस्मा करायचा हाये. तुम्ही कराल का, अन् कोणता रविवार भेटंल, ते इचारायला आलोय."

प्रीती दारात उभी होती, तिच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच. सुमित म्हणाला, लेकराचे आईवडील कुठल्या मंडळीचे सभासद? हे म्हणाले, पुण्याच्या. सुमित म्हणाला, नाताळाआधीचाच रविवार धरू, पण तिथल्या पाळकांची संमती लागेल. आणि आदल्या शनिवारी आईवडिलांची तयारी घ्यावी लागेल, तासभर. मी सगळ्यांचीच घेतो.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. बाप्तिस्म्याआधीची तयारी हा नियम ह्यांनी कधीच पाळला नव्हता. ओळखीचं घर, तयारी कशाला, म्हणायचे. आणि आता त्यांच्याच पोरीला त्यांच्याच गावात तासभर बसवणार. ह्यांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. सुमितलाही दिसली असावी, पण त्यानं शब्द मागं घेतला नाही. त्या बारीक आवाजाच्या पोराची तेवढी एक गोष्ट मला त्या दिवशी फार आवडली.

"बराबर हाये," हे म्हणाले. "शनिवारी पाठवतो."

शीतल फोनवर भडकली. पप्पा, तुम्ही असताना तो कोण? हे म्हणाले, तो पाळक आहे. ती म्हणाली, मग मी येतच नाही. मी फोन घेतला आणि तिला सांगितलं, येऊ नकोस, पण आलीस तर शनिवारीच ये. ती आली. तास संपवून परतली तेव्हा गाल फुगलेलेच होते, पण कल्याणराव म्हणाले, त्यांनी विचारलं ते आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. काय विचारलं ते दोघांनी सांगितलं नाही. हे मात्र जेवताना पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि मला हसू येत होतं.

सर्जेराव तर घरी येऊन गेले. साहेब, लोक काय म्हणतील, म्हणाले. ह्यांनी ह्या वेळी 'हूं' म्हटलं नाही. म्हणाले, "सर्जेराव, इथून पुढं माझ्या नावानं काही बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई. काय असंल ते पाळकसाहेबांना जाऊन सांगा." सर्जेराव चहा न पिता गेले. त्यांनी चहा सोडला म्हणजे प्रकरण किती खोल गेलं, ते मला कळलं.

पण माणसाचं मन काही एका दिवसात सुतासारखं सरळ होत नाही. शनिवारभर हे घरात येरझारा घालत होते. कपाट उघडायचे, झग्याकडं बघायचे, बंद करायचे. रविवारी सकाळी मी पाहिलं, त्यांनी साधा पांढरा शर्ट घातला होता आणि वरचं बटण लागत नव्हतं. मी लावून दिलं.

आमच्या चर्चमधे बाया एकीकडं आणि पुरुष एकीकडं बसतात. पण बाप्तिस्म्याच्या घराला पुढचा एक बाक एकत्र देतात. मी ह्यांच्याशेजारी बसले. लग्नाच्या दिवसानंतर चर्चमधे ह्यांच्याशेजारी मी पहिल्यांदा बसत होते, कारण हे कायम समोर, आणि मी कायम खाली. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. ह्यांना मात्र बसता येईना. लोक एकदा सुमितकडं बघत, एकदा ह्यांच्याकडं. मंडळी गाण्याला उठली की हेही उठत, पण जरा उशिरा, कारण उठा म्हणून सांगण्याची त्यांना सवय, ऐकून उठण्याची नाही.

सूचना वाचताना सुमित म्हणाला, जानेवारीपासून टेंभुर्णीच्या प्रार्थनासभा घरोघरी सुरू होतील, आणि पहिल्या सभेला मी स्वतः येईन. जानेवारीपासून, म्हणजे सोमवारी संभाजीनगर नाही. मी पलीकडच्या बाकावर प्रीतीकडं पाहिलं. तिनं मान हलवली आणि पदरानं नाक पुसलं. सर्जेरावांनी ह्यांच्या पाठीकडं पाहिलं. ती पाठ हलली नाही.

मग आम्ही आर्यनला घेऊन पुढं गेलो. सुमितनं पुस्तक उघडलं आणि आईवडिलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझ्या कानाशी कुजबुज ऐकू यायला लागली. हे सुमितच्या बरोबरीनं म्हणत होते, अक्षर न् अक्षर, पाळकाचं सगळं. ओठ आपोआप चालले होते. मी कोपरानं ढोसलं तर एक शब्द थांबले आणि पुन्हा सुरू. शीतल-कल्याणरावांनी त्यांची उत्तरं दिली. मग सुमितनं पुस्तकातून डोळे उचलून मंडळीकडं पाहिलं. मंडळी उभी राहिली. त्यानं विचारलं, "ह्या लेकराला प्रभूच्या वाटेत वाढवायला तुम्ही ह्यांना साथ द्याल काय? त्याला आपलं मानून सांभाळाल काय?" हा प्रश्नही ह्यांनी त्याच्याबरोबर ओठांत विचारला, आणि गप्प झाले.

मागून सगळी मंडळी एका आवाजात उत्तर द्यायला लागली. हे तोंड उघडून उभे होते. चेहरा पार गोंधळलेला. हा प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला होता. उत्तर त्यांच्या तोंडून कधी गेलंच नव्हतं, कारण ते त्यांचं नव्हतं. ते माझ्याकडं वाकले आणि त्यांच्या हळू आवाजात, जो दोन बाकांपर्यंत जातो, विचारलं, "आपलं काय असतं गं?"

मला एकदम रडूच आलं. तसंच गिळून मी त्यांच्या कानात सांगितलं. तोवर सगळ्यांचं म्हणून झालं होतं. चर्च शांत होतं, सुमितचा हात पाण्याच्या भांड्यावर थांबला होता. आणि हे एकटे, सगळ्यांच्या मागून, म्हणाले, "होय. देवाच्या साहाय्यानं आम्ही सांभाळू."

सुमितनं ते शेवटपर्यंत होऊ दिलं. मग त्यानं आर्यनला हातात घेतलं.